बीपीची सकाळची गोळी दुसऱ्या सकाळपर्यंत पुरते का?

सकाळी आठला गोळी घेऊन दुपारी बारा वाजता बीपी मोजलं, तर बहुतेक गोळ्या पास होतात. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीची गोळी घेण्याआधी असते. तिथे आकडा सतत १३५/८५ च्या वर जात असेल, तर गोळी रात्रीत कुठेतरी संपते आहे, किंवा मुळात डोसच कमी आहे.

शरीरातलं औषध अर्धं व्हायला किती वेळ लागतो, त्यावर बरंच अवलंबून असतं. अ‍ॅम्लोडिपिनला ३० ते ५० तास लागतात, म्हणून एखादा डोस चुकला तरी मोठा फरक पडत नाही. मात्र पूर्ण परिणाम दिसायला आठवडाभर लागतो; तिसऱ्याच दिवशी 'ही गोळी लागू पडत नाही' म्हणणं घाईचं. टेल्मिसार्टनला साधारण २४ तास लागतात. लोसार्टन स्वतः दोनेक तासांतच अर्धं होतं आणि त्यापासून शरीरात बनणारं, खरं काम करणारं द्रव्य ६ ते ९ तासांत. त्यामुळे काहींना ते दिवसातून दोनदा विभागून द्यावं लागतं. एनालाप्रिलचंही तसंच. मेटोप्रोलॉल दोन रूपांत मिळतं: टार्ट्रेट आणि सक्सिनेट. टार्ट्रेट हे छोट्या पल्ल्याचं. सक्सिनेटची 'एक्सएल' गोळी दिवसभर हळूहळू सुटते, म्हणून ती चावायची किंवा कुटायची नाही.

बीपीसाठी दिल्या जाणाऱ्या लघवीच्या गोळ्यांतही (लघवी वाढवणाऱ्या) फरक आहे. टेल्मिसार्टनच्या नावापुढे 'एच' असेल तर सोबत बहुधा हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. क्लोरथॅलिडोन त्याहून बरंच जास्त टिकतं. पण ते पोटॅशियमही जास्त खाली नेतं, त्यामुळे सुरू केल्यावर काही आठवड्यांत सोडियम-पोटॅशियमची तपासणी हवीच.

अ‍ॅम्लोडिपिनने घोटे सुजतात, विशेषतः १० मिलिग्रॅमवर. ती सूज शरीरात पाणी साठल्याची नसते, बारीक धमन्या सैलावल्याची असते. म्हणून लघवीची गोळी वाढवून ती फारशी उतरत नाही. डोस ५ वर आणून जोडीला टेल्मिसार्टन ४० दिलं तर सूज कमी होते आणि बीपीही चांगलं राहतं. एकच औषध ताणत नेण्यापेक्षा दोन औषधं थोडी थोडी, हे गणित बहुतेकांना सोसतं. अर्थात गरोदरपणात टेल्मिसार्टन अजिबात नाही. आणि हा बदल डॉक्टरांनी करायचा, मेडिकलच्या काउंटरवर नाही.

रात्री घेतली तर जास्त चांगली का? ब्रिटनमधल्या २१,१०४ जणांच्या 'टाइम' अभ्यासात (२०२२) डोस सकाळी घेतला की संध्याकाळी, यामुळे हृदयविकार-पक्षाघातात फरक दिसला नाही. जी वेळ चुकत नाही ती धरा.

मोजायची पद्धत अशी: उठल्यावर लघवीला जाऊन यायचं, चहा आणि गोळी दोन्हींच्या आधी, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं. पट्टा हृदयाच्या पातळीवर. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचं, संध्याकाळीही तसंच, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढायची.

सकाळचे आकडे बिघडले की गोळीला दोष देण्याआधी गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन चालू आहे का ते बघा, दोन्हींनी बीपी चढतं. आणि आठवड्याच्या गोळ्यांचा डबा भरताना टेल्मिसार्टन पाकिटातून काढू नका. ते दमट हवेत ओलावा शोषतं, कोकणातल्या पावसाळ्यात तर नक्कीच. पाकीट कात्रीने कापून, गोळी आतच ठेवून डब्यात टाका.