दोनशे बारा परिच्छेद

भारतातील निवृत्त न्यायाधीशांनी दिलेला लवादाचा निवाडा दुसऱ्या निवाड्यांतील मजकूर उचलल्यामुळे रद्दच राहील, असा निकाल सिंगापूरच्या अपील न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिला. लवाद म्हणजे न्यायालयाबाहेर, नेमलेल्या मंडळाकडून वादाचा निवाडा करून घेणे. त्या निकालाची चर्चा येथे सिंगापुरात काम करणाऱ्या माझ्यासारख्या भारतीय वकिलांमध्ये अजूनही थांबलेली नाही. तो विषय निघाला की खाली मान घालावी की आपल्या माणसांची बाजू घेऊन भांडावे, हे मला ठरवता येत नाही. मुंबईतील मित्रमैत्रिणी फोनवर त्याबद्दल विचारतात आणि फोनवर पुरते उत्तर देता येत नाही, म्हणून हे लिहीत आहे.

वाद आपल्याकडचाच होता. मालवाहतुकीच्या स्वतंत्र रेल्वेमार्गाचे काम कंत्राटदार कंपन्यांनी घेतले होते, २०१७ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून किमान वेतन वाढवले आणि वाढलेल्या मजुरीचा भार कोणी सोसायचा यावर तंटा उभा राहिला. लवाद सिंगापुरात झाला, म्हणजे लवादाच्या प्रक्रियेला कायदा सिंगापूरचा लागू होता, आणि लवाद मंडळाचे तिन्ही सदस्य भारतातील निवृत्त न्यायाधीश होते. निवाडा कंत्राटदारांच्या बाजूने लागला. पुढे असे उघड झाले की मंडळाचे अध्यक्ष याच स्वरूपाच्या आणखी दोन लवादांचेही अध्यक्ष होते आणि या निवाड्यातील ४५१ परिच्छेदांपैकी किमान २१२ परिच्छेद त्या आधीच्या निवाड्यांतून आले होते. या प्रकरणात कोणी मांडलेच नव्हते असे मुद्दे पक्षकारांच्या तोंडी घातले गेले होते, दुसऱ्या करारातील कलमे उद्धृत झाली होती आणि लवाद सिंगापुरात असताना काही ठिकाणी भारतातील लवाद कायदा गृहीत धरला होता. २०२४ मध्ये येथील आंतरराष्ट्रीय व्यापारी न्यायालयाने निवाडा रद्द केला आणि अपील न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. उरलेले दोन सदस्य त्या आधीच्या लवादांत नव्हते, तेथील कागदपत्रे त्यांच्यासमोर नव्हती, त्यामुळे तिघे समान पातळीवर विचार करीत होते असे म्हणता येत नाही, हा न्यायालयाचा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला, कारण त्याला माझ्याजवळ उत्तर नाही.

येथे काही परदेशी सहकाऱ्यांनी हा निकाल म्हणजे भारतीय पद्धतीवरील शेरा आहे असा सूर लावला तेव्हा मात्र मी गप्प बसले नाही. २०१३ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे एक प्रकरण आले होते. त्यातील मूळ निकालपत्राचे सुमारे ९४ टक्के शब्द एका बाजूच्या वकिलाच्या लेखी युक्तिवादातून उचललेले होते. अपील न्यायालयाने त्या पद्धतीवर कठोर टीका केली, परंतु निकाल टिकवला. हे उदाहरण मी प्रत्येक वेळी देते आणि ते योग्य आहे असे मला वाटते. फरक एवढाच की त्या इंग्रज न्यायाधीशाने निदान त्याच प्रकरणातील मजकूर घेतला होता.

हा फरक मला टोचतो, आणि तो का टोचतो हे कळण्यासाठी येथे सुनावणी कशी चालते ते सांगायला हवे. मॅक्सवेल चेंबर्स ही जुन्या कस्टम हाउसच्या इमारतीतली केवळ लवादासाठी राखलेली जागा. सुनावणी पाच दिवसांची असेल तर त्या पाच दिवसांचे तास आधीच मोजून दोन्ही बाजूंना सारखे वाटलेले असतात. बुद्धिबळाच्या पटाशेजारी दोन तोंडांचे घड्याळ असते तसाच हा हिशेब चालतो. मी बोलायला उभी राहिले की माझा वेळ खर्च होतो, मी हरकत घेतली तरी माझाच वेळ जातो आणि समोरच्या साक्षीदाराची उलटतपासणी मी लांबवली तर शेवटच्या दिवशी माझ्या युक्तिवादाला मिनिटे उरत नाहीत. रोज संध्याकाळी कोणी किती वेळ वापरला याचा आकडा दोन्ही बाजूंना कळवला जातो आणि त्यावर वाद होत नाही. उच्चारलेला शब्द काही क्षणांत पडद्यावर उमटतो, त्यामुळे साक्षीदार काय म्हणाला यावर दोन मते राहत नाहीत.

सुरुवातीला मला ही व्यवस्था निष्ठुर वाटली. आता मला ती पक्षकाराच्या सन्मानाची वाटते, कारण इतक्या थोड्या वेळात काम उरकायचे तर मंडळाने सगळे आधीच वाचलेले असावे लागते. मी ज्या मंडळांपुढे उभी राहिले आहे त्यांतील बहुतेकांनी पहिल्या तासातच असा प्रश्न विचारला आहे की जो जोडपत्रांतील एखादे दुय्यम पत्र नीट वाचल्याशिवाय सुचत नाही. अशा वेळी माझ्या अशिलाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते त्यात दावा जिंकण्या-हरण्याचा संबंध नसतो. आपले कागद आपले म्हणून कोणीतरी वाचले एवढेच त्याला कळलेले असते. ते २१२ परिच्छेद वाचताना मला सर्वांत आधी त्या रेल्वे प्रकरणातील दोन्ही बाजूंच्या कनिष्ठ वकिलांची आठवण झाली, ज्यांनी रात्र रात्र जागून आपल्या प्रकरणाच्या तारखांचे तक्ते केले असतील.

असे असले तरी मुंबईशी तुलना करताना काही गोष्टी विसरल्या जातात आणि त्या विसरू देणे मला मान्य नाही. मी मुंबई उच्च न्यायालयाच्या ओरिजिनल साइडवर, म्हणजे जेथे दावे थेट दाखल होतात त्या शाखेत, काम शिकले. तेथे एका न्यायाधीशापुढच्या दिवसाच्या बोर्डावर जितकी प्रकरणे असतात, तितकी येथील एखादा लवादतज्ज्ञ वर्षभरात हाताळत नाही. मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीशांची मंजूर पदे ९४ आहेत, ती पूर्ण भरलेली क्वचितच असतात आणि त्या संख्येवर महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेली, दमण-दीव यांचा भार आहे. शिवाय महाराष्ट्रात दाव्याची रक्कम कितीही असो, न्यायालय शुल्काला दहा लाख रुपयांची मर्यादा आहे. येथील मोठ्या लवादात मंडळाचे मानधन, संस्थेचे शुल्क, खोल्यांचे भाडे आणि सुनावणीचे शब्दांकन धरले तर ती रक्कम केव्हाच मागे पडते. सांगलीच्या हळद व्यापाऱ्याला हे घड्याळ परवडणार नाही. त्याच्यासाठी कोणीतरी दार उघडे ठेवले आहे तर ते आपल्या गर्दीने भरलेल्या न्यायालयांनीच.

उभ्या उभ्या विचार करायलाही मला मुंबईनेच शिकवले. न्यायमूर्तींनी मधेच थांबवून भलत्या कलमावर प्रश्न टाकला तरी पाय न डगमगता उत्तर द्यायचे, दहा मिनिटांत तातडीचा अंतरिम आदेश मागायचा, हे ज्यांनी फोर्टमधल्या त्या इमारतीत केले आहे त्यांना मंडळाच्या प्रश्नांची भीती वाटत नाही. फली नरीमन यांनी १९५० मध्ये वकिलीला सुरुवात केली ती याच न्यायालयात, आणि पुढे १९९४ ते २००२ या काळात ते आंतरराष्ट्रीय व्यापारी लवाद परिषदेचे अध्यक्ष होते. आंतरराष्ट्रीय लवादाची ही वाट परक्यांनी आखलेली आणि आपण उशिरा धरलेली आहे, असे म्हणणाऱ्यांना मी हे नाव ऐकवते.

मग तू परत का येत नाहीस, असा प्रश्न येतोच. मुंबईत २०१६ पासून स्वतःचे आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे. ॲमेझॉन-फ्यूचर प्रकरणात सिंगापूरच्या लवाद केंद्राने नेमलेल्या आणीबाणी लवादाचा, म्हणजे मंडळ बसण्याआधी तातडीचा आदेश देणाऱ्या लवादाचा, आदेश २०२१ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक मानला. त्याच वर्षी दोन भारतीय कंपन्यांनाही परदेशातील लवाद निवडता येतो हे त्याने स्पष्ट केले. मला या निर्णयांचा अभिमान आहे. पण जून २०२४ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने सरकारी खरेदीच्या करारांत दहा कोटी रुपयांहून मोठ्या वादांसाठी लवादाचे कलम सहसा ठेवू नये अशी सूचना काढली, आणि पायाभूत सुविधांचे वाद हाताळणाऱ्या माझ्यासारखीला त्यातून मिळायचा तो संदेश मिळाला. जेथे माझे काम आहे तेथे मी आहे. काम भारतीय पक्षकारांचेच आहे, पुरावे मराठी आणि हिंदी पत्रव्यवहारातून येतात, आणि परदेशी वकिलालाही येथे लवादात मोकळेपणे उभे राहता येते. देश सोडून पळाल्याची भावना मला कधी झाली नाही, कोणी तसे सुचवले तर मात्र राग येतो.

या निकालानंतर मी भारतातील अशिलांशी एका गोष्टीवर हुज्जत घालू लागले आहे. सदस्य सुचवायची वेळ आली की त्यांना सर्वांत मोठे नाव हवे असते, शक्यतो सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेले. पॅरिसच्या आयसीसी या लवाद चालवणाऱ्या संस्थेच्या स्वीकृतिपत्रात होऊ घातलेल्या सदस्याने आपल्याकडे सध्या किती प्रकरणे चालू आहेत तो आकडा भरायचा असतो. तो आकडा मी आता अशिलाला मोठ्याने वाचून दाखवते आणि त्याच प्रकल्पातील दुसरे वाद त्या व्यक्तीकडे आहेत का, हे समोरच्या वकिलांना लेखी विचारते. गेल्या महिन्यात पुण्याच्या एका कंपनीच्या संचालकांनी यावर नाराजी दाखवली, कारण त्यांनी सुचवलेले नाव त्यामुळे मागे पडले. दुसऱ्या नावावर त्यांनी सही केली आहे, ती अजून मनापासून नाही.