विहिरीचा पंचनामा आधी, खाण नंतर

आपल्या कर्नाटकात दगडी कोळसा कुठेच निघत नाही. तरी बळ्ळारीजवळ कुडतिनीला १७०० मेगावॅटचं थर्मल वीज केंद्र चालतंय, आणि त्यासाठी राज्याच्या वीज महामंडळाला जी खाण मिळालीय ती चंद्रपूर जिल्ह्यात, भद्रावती तालुक्यात बरांजला आहे. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं देशातले २०४ कोळसा ब्लॉक रद्द केले त्यात ही पण गेली होती, पुढच्या वर्षी परत महामंडळालाच मिळाली. म्हणजे वावर तिकडच्या मराठी शेतकऱ्याचं, वीज कर्नाटकाची, आणि हेस्कॉमचं, म्हणजे इकडच्या वीज कंपनीचं, बिल भरणारे आम्ही बेळगाव-खानापूरचे लोक. आपल्याकडे सीमाप्रश्नावर रात्र-रात्र बोलणारी माणसं आहेत, पण हा धागा कोणाच्या बोलण्यात येत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

माझा एक मित्र बेळगावात इंजिनिअरिंगला होता, तो यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडचा. त्याच्या गावाजवळची खाण वेगळी, कंपनी पण वेगळी, नाव घेत नाही. मे महिन्यात त्याच्या घरी गेलो होतो तेव्हा त्याचे वडील मला विहीर दाखवायला घेऊन गेले. चांगली दगडात बांधलेली, आत उतरायला पायऱ्या, भिंतीवर जुन्या पाण्याची पांढरी रेघ माझ्या डोक्याच्या वर, आणि पंपाचा फूटव्हॉल्व्ह अधांतरी लटकलेला, खाली नुसता भेगाळलेला गाळ. काका म्हणाले, "वावर गेलं असतं त मोबदला तरी भेटला असता. आमचं वावर हाय, पाणी नाही, याले कोण इचारते बाप्पा." गावात टँकर येत होता, आणि तिकडं खाणीच्या पंपाचं गढूळ पाणी मात्र रात्रंदिवस नाल्यात सोडलेलं, ते वाहत जाऊन नदीला मिळतंय.

हे का होतं ते समजायला फार शिकायला लागत नाही. ओपनकास्ट खाण म्हणजे मोठा खड्डा, त्यात पाणी साचलं की काम बंद, म्हणून सतत उपसा करायचा, आणि खड्डा जसा खोल जातो तशी भोवतालची भूजल पातळी त्याच्याकडे ओढली जाते. वर्धा खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी वर कामठी नावाचा वाळूखडक असतो, तो पाणी छान धरून ठेवतो, विहिरी त्याच्याच जिवावर, आणि कोळसा त्याच्या खालच्या बराकार नावाच्या थरात. म्हणजे कोळशापर्यंत जायचं तर आधी तोच पाण्याचा थर कापायचा. मोबदला मात्र एकराच्या हिशोबात, सात-बारा बघून. हद्दीबाहेरच्या विहिरीचं पाणी कुठल्याच उताऱ्यावर नसतं.

मातीचं पण तसंच. खोदकाम करताना वरचा सुपीक थर वेगळा काढून ठेवायचा आणि शेवटी परत पसरायचा असा नियम आहे, पण मी बघितलेल्या ढिगाऱ्यावर मुरूम, दगड, माती सगळं एकत्र, त्यावर विलायती बाभूळ. याचा अर्थ आमच्या खानापूर भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. वीटभट्टीला वरची माती विकली की रोख पैसे हातात येतात आणि पुढं कित्येक वर्षं त्या शेतात भात धरत नाही, शेणखत किती पण घाला. हे ढिगारे नदीकाठाला टाकले तर पावसात ती माती पात्रात उतरते, पात्र उथळ होतं आणि पूर शिवारात शिरतो. बेळगावजवळच्या येळ्ळूर-वडगावच्या लोकांना हे सांगायला नको, तिथल्या बळ्ळारी नाल्याचं पाणी तुंबून बासमती भात कुजताना त्यांनी बघितलीय.

राग याचा येतो की कागदावर बरंच काही आहे. कोळसा खाणींना पर्यावरण मंजुरी देताना ज्या अटी नेहमी घालतात त्यात स्पष्ट असतं, की आजूबाजूच्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत मोजायची, आणि उपशामुळं गावच्या विहिरी आटल्या तर पाणी कंपनीनं द्यायचं. पण आटलं ते उपशामुळंच हे सिद्ध कोण करणार? आधीची पातळी गावाकडं लिहिलेलीच नसते, सगळे आकडे कंपनीकडं. पाऊस कमी झाला म्हणून सांगितलं की विषय संपला. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की खाणीची पहिली कुदळ पडायच्या आधी गावातल्या प्रत्येक विहिरीचा, बोअरचा, ओढ्याचा पंचनामा व्हावा, तलाठी आणि ग्रामपंचायतीच्या सहीनं, उन्हाळ्यातला वेगळा आणि दिवाळीनंतरचा वेगळा, आणि त्याची एक प्रत शेतकऱ्याच्या घरात असावी.

पर्यावरण मंजुरीच्या आधी गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायला जनसुनावणी होते. तिची नोटीस किमान ३० दिवस आधी लागते, खाणीच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश मराठीत मिळतो, पूर्ण अहवाल जिल्हा परिषदेत बघायला ठेवलेला असतो. त्यात विहिरींचा तक्ता शोधा आणि आपली विहीर त्यात आहे का ते आधी बघा. नसेल तर लेखी द्या, पोच घ्या. आणि सुनावणी झाली की जेवायला पांगू नका, कारण शेवटी कामकाजाचा गोषवारा सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा असतो, आपला मुद्दा त्यात आला नाही तर तिथंच उठून सांगायचं.