प्रार्थना सुचत नाही तेव्हा स्तोत्र १३

संकट आलं की पहिला घाव प्रार्थनेवर बसतो. गुडघे टेकले तरी शब्द फुटत नाहीत आणि मनात येतं, आपला विश्वासच आटला की काय! तसं नसतं. शब्द आटलेले असतात, आणि अशा वेळेसाठी पवित्र शास्त्राने, म्हणजे बायबलने, ते आधीच देऊन ठेवले आहेत. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत. देवापुढे गाऱ्हाणं घालणं हीसुद्धा उपासनाच.

सुरुवात स्तोत्र १३ पासून करा. सहाच वचनं आहेत, थकलेल्या मनालाही पेलतात. पहिली दोन गाऱ्हाण्याची, ज्यांत मूळ इब्रीत (हिब्रू भाषेत) ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. पुढची दोन मागणीची: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, डोळ्यांना प्रकाश दे. शेवटची दोन भरवशाची. दहा मिनिटं पुरतात. पुटपुटलात तरी चालेल, पण ओठ हलू द्या; नुसत्या डोळ्यांनी वाचलं की तिसऱ्या ओळीलाच मन काळजीकडे पळतं.

प्रत्येक ‘कोठवर’पाशी थांबून स्वतःचं वाक्य घाला. ‘हे कर्ज कोठवर? घरातला हा अबोला कोठवर?’ नुसतं ‘माझं दुःख’ असं मोघम म्हटलं की मन सुटल्यासारखं होत नाही, कारण काय सलतंय ते बोललंच गेलेलं नसतं. मागणीही तशीच नेमकी हवी. ‘सगळं नीट कर’ म्हणण्यापेक्षा ‘उद्या तपासणीला जाताना माझ्यासोबत चाल’ असं मागा.

बहुतेकांचं चुकतं ते इथे. पहिली चार वचनं घाईघाईत उरकून थेट पाचव्यावर उडी मारली जाते. ओठांवर ‘देवावर भरवसा आहे’ येतं, पण राग आणि भीती आत तशीच राहते आणि रात्री दोन वाजता डोकं वर काढते. म्हणून स्तोत्रकर्त्याचा क्रम मोडू नये. एखाद्या दिवशी चौथ्या वचनाच्या पुढे जाववलं नाही, तर तिथेच आमेन म्हणावं. स्तोत्र ८८ तर उजेडापर्यंत पोचतच नाही. इब्रीत त्याचा शेवटचा शब्द ‘अंधार’ असा आहे. तरी त्याची पहिली हाक आपल्या तारणाच्या देवालाच आहे, आणि तेही शास्त्रात आहे!

रोज नवे शब्द शोधण्याचा खटाटोपही नको. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने तीनदा प्रार्थना केली आणि तिसऱ्यांदाही तेच शब्द उच्चारले (मत्तय २६:४४). एकच स्तोत्र महिनाभर म्हटलं तरी चालतं.

शरीराला मात्र विसरू नका. संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं. एलीया पुन्हा झोपला, तेव्हा दुसऱ्यांदा उठवून खायला लावलं (१ राजे १९). देवाशी त्याचं बोलणं झालं ते त्यानंतर. उपाशीपोटी, जागरणाने ताठरलेल्या अंगाने प्रार्थना रेटण्यापेक्षा आधी जेवून झोपा. झोप आणि भूक आठवड्यांमागून आठवडे गेली असेल तर डॉक्टरांकडे जा, तो अविश्वास नव्हे. जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच दिवशी, आणि कुणाला तरी सोबत घेऊन.

एकट्याने सोसणं ही दुसरी मोठी चूक. याकोबाचं पत्र (५:१४) म्हणतं की आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना (चर्चच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना) बोलवावं. म्हणजे बोलावणं आपल्याकडून जायला हवं. लोकांना आपोआप कळेल म्हणून वाट पाहत बसलं, तर कुणी येत नाही आणि मन मंडळीवर कडू होतं. पाळकांना किंवा एखाद्या जवळच्या विश्वासी माणसाला साधा निरोप पाठवा: ‘आज मला प्रार्थना जमत नाही. रात्री नऊ वाजता माझ्यासाठी स्तोत्र १३ वाचाल का?’

ज्याला असा निरोप येईल त्याने कारणं विचारू नयेत, उपदेशाची वचनंही पाठवू नयेत. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले तोवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते बोलायला लागल्यावर. नऊ वाजता सहा वचनं मोठ्याने वाचावीत आणि उत्तर द्यावं, ‘वाचलं. उद्याही वाचतो.’