निचऱ्याची जाळी

न्यू जर्सीतील एका नगराच्या आरोग्य खात्यात मी निरीक्षक आहे आणि उन्हाळ्यात सदनिका-संकुलांमधील सामायिक जलतरण तलावांची तपासणी हे माझे मुख्य काम असते. 4 जुलैच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी अशाच एका संकुलाच्या जुन्या तलावावर गेलो होतो.

पाणी अगदी नितळ होते. मुक्त क्लोरीन दशलक्ष भागांत 3 निघाला आणि सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल वा अल्क आहे याचे माप) 7.4 भरला. सामू 8 झाला की क्लोरीनचा जेमतेम पाव हिस्सा जंतुनाशक रूपात उरतो, त्यामुळे हे दोन आकडे मी नेहमी एकत्रच पाहतो. दोन्ही समाधानकारक होते. काठावरून तळ पाहताना मात्र मुख्य निचऱ्याची, म्हणजे पंप तळातून पाणी ओढून घेतो त्या छिद्रावरची, जाळी एका बाजूने किंचित उचललेली वाटली. व्यवस्थापकाने लांब काठीने स्पर्श करताच ती सरकली. तिचा एक स्क्रू निघून गेला होता.

पंप तात्काळ बंद करायला लावून मी तलावावर बंदीची सूचना चिकटवली. 2002 साली व्हर्जिनियात ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या कुंडातील निचऱ्याच्या ओढीत अडकली आणि आईने जिवाच्या आकांताने ओढूनही सुटली नाही. त्या आईच्या, नॅन्सी बेकर यांच्या, पाठपुराव्यातून 2007 चा संघीय कायदा झाला. तो डिसेंबर 2008 पासून लागू आहे आणि सदनिकांच्या सामायिक तलावांनाही बंधनकारक आहे. अंगाने पूर्ण झाकला जाऊ शकेल असा एकच मुख्य निचरा असेल, तर प्रमाणित जाळीखेरीज ओढ आपोआप तोडणाऱ्या यंत्रणेसारखा आणखी एक उपायही त्यात सक्तीचा आहे. येथे निचरा एकच होता.

व्यवस्थापकाची अडचण खरी होती, कारण दुसऱ्या दिवशी संकुलातील बहुतेक कुटुंबे तिथेच जमणार होती. नातवाला घेऊन आलेल्या एक मराठी आजी मला म्हणाल्या, "अहो, पाणी तर आरशासारखं आहे, मग बंद का करताय?" मी त्यांना ती सरकलेली जाळी दाखवली आणि पंप चालू असताना उघड्या निचऱ्यात मुलाचे केस किंवा हात कसा ओढला जातो, ते सांगितले. त्यांनी नातवाचा हात घट्ट धरला आणि व्यवस्थापकाला स्वतःच म्हणाल्या, की घाई करू नका.

संध्याकाळी कंत्राटदार नवी जाळी घेऊन आला. तिच्यावर कोरलेली प्रवाहक्षमता पंपाच्या प्रवाहापेक्षा कमी होती, म्हणून मी ती नाकारली. अशी जाळी पक्की बसली तरी तिच्यावरची ओढ सुरक्षित मर्यादेबाहेर जाते, आणि सुट्टीचा दिवस वाचवण्यासाठी त्यावर सही करणे मला शक्य नव्हते. योग्य जाळी सुट्टीनंतर मिळाली. ती बसवल्यावर, ओढ तोडणारे यंत्र माझ्यासमोर चालवून पाहिल्यावर आणि जाळीवरील वापराची मुदत नोंदवहीत लिहून घेतल्यावरच मी तलाव उघडण्याची परवानगी दिली.