औंढ्याला गेलो, सोबत नववीतला भाचा

भाच्याचा विज्ञानाचा पहिलाच धडा गतीचे नियम, अन् पोरगं नुसतं पाठ करायलंय. म्हटलं चल औंढा नागनाथला, परभणीहून लाल परीनं.

बसमध्ये मोबाईलवर नकाशा काढला, परभणी ते औंढा बोटानं सरळ रेघ मारली, चाळीसेक किलोमीटर, दिशा ईशान्य, हे झालं विस्थापन. रस्ता काय असा सरळ जातोय थोडाच, गावं घेत वळसे मारत जातो, ते सगळं धरलं की अंतर. तिकीट अंतराचं लागतं, एसटीचा टप्पा 6 किमीचा. संध्याकाळी परत परभणीत उतरलो की दिवसभराचं विस्थापन शून्य म्हटल्यावर पोरगं म्हणतं, "मग मामा, पैसे वापस मागायचे का?"

तेवढ्यात ड्रायव्हरनं उसाच्या ट्रकला ओव्हरटेक घेतला. समजा आपण 60 नं, ट्रक 50 नं, तर ट्रकवाल्याला आपण ताशी 10 नंच सरकताना दिसतो, सायकलवाला बरा. त्याच्या मागून निघून पुढं लागायला 40 मीटर धरा, 14 सेकंद लागले, अन् तेवढ्यात आपण रस्त्यावर 240 मीटर गेलेलो असतो! समोरून कुणी 60 नं आलं तर त्याचेही 240, म्हणजे जवळजवळ अर्धा किमी रस्ता मोकळा पाहिजे. हिशोब जमला तसा मी पुढच्या सीटचा दांडा गच्च धरला.

औंढ्यात गाभारा जमिनीखाली, अरुंद वाटेनं वाकून उतरावं लागतं, म्हणजे विस्थापन खालच्या दिशेनं पण असतं. मग प्रदक्षिणा, पुन्हा दारात, विस्थापन शून्य, तळपाय मात्र चांगलेच भाजले.

इथं नंदी देवळाच्या मागं. सांगतात की नामदेव महाराज समोर कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी मागं हाकललं, तर देऊळच फिरून त्यांच्याकडं तोंड करून उभं राहिलं, नंदी राहिला जागेवर. भाचा म्हणला, "देऊळ फिरलं का बाकी सगळं फिरलं, कसं कळणार?" प्रश्न लई भारी. एका वेगानं सरळ जाताना आतल्या माणसाला खरंच कळत नाही कोण हललं, पण गोल फिरण्याला ती सूट नाही, आतला माणूस बाहेर फेकल्यासारखा होतो, जत्रेतल्या चक्रात बसलेल्याला विचारा.

पोरानं तडक जाऊन पुजारीकाकांना विचारलं, "काका, तवा आत कुणी होतं का?" काकांनी त्याच्या हातावर प्रसाद ठेवला अन् पुढच्याला हाक मारली.