पक्षाघातानंतर घरी : व्यायामाचा एक तास आणि उरलेले तेवीस

वडिलांची उजवी बाजू गेली, सोबत बोलणंही. डिस्चार्जच्या कागदावर ‘रोज फिजिओथेरपी’ लिहिलेलं असतं, पण ती तासाभराची. उरलेल्या तेवीस तासांत आपण माणसाला कसं उठवतो, भरवतो, कपडे घालतो, यावर खरी सुधारणा अवलंबून असते. ते करता करता जे हाती लागलं ते लिहिते आहे.

पहिली काळजी गिळण्याची. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणीसुद्धा द्यायचं नाही. पातळ पाणीच सगळ्यांत अवघड, कारण श्वासनलिका झाकली जाण्याआधीच ते घशात उतरतं. थेरपिस्टने दाट करायची पावडर सांगितली असेल तर सांगितलेल्या मापानेच घालावी. पेशंटला ताठ बसवायचं, लहान चमचा वापरायचा आणि तोंडातला घास पूर्ण गिळल्यावरच पुढचा द्यायचा. हनुवटी खाली घेऊन गिळणं प्रत्येकाला चालत नाही, ते विचारूनच करावं. लुळ्या बाजूच्या गालात अन्न साचून राहतं, ते प्रत्येक जेवणानंतर साफ करायचं आणि अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. ठसका लागला नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. काहींना अन्न श्वासनलिकेत गेलं तरी ठसका येत नाही. खाल्ल्यावर आवाज ओलसर, घरघरता होणं किंवा मधेच ताप येणं, एवढीच खूण मिळते.

दुसरी गोष्ट खांद्याची, आणि इथे सर्वाधिक नुकसान घरच्या माणसांच्या हातून होतं. खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे स्नायू ढिले पडलेले असतात, त्यामुळे हाताच्या वजनानेच तो खाली सरकतो. अशा वेळी बगलेत हात घालून किंवा मनगट ओढून उठवलं की खांदा दुखायला लागतो, आणि दुखणारा खांदा पुढचा सगळा व्यायाम अडवतो. बसताना हाताखाली उशी हवीच. हात गळ्यात अडकवायची झोळी उभं राहताना आणि चालताना घालावी. दिवसभर घातली तर कोपर आणि खांदा वाकलेल्या स्थितीत आखडतात. दोरी-कप्पीने हात वर ओढण्याचा व्यायाम या अवस्थेत नको. चेंडू दाबत बसण्याबद्दलही मी साशंक आहे : बोटं मिटण्याची ताकद बहुधा आधी येते आणि ताठरताही त्याच दिशेने वाढते. अडचण मूठ उघडण्याची असते.

पलंगावरून चाकाच्या खुर्चीत नेताना खुर्ची चांगल्या बाजूला, थोडी तिरकी लावायची. ब्रेक लावायचे, खुर्चीच्या पावलं ठेवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या. पेशंटला पलंगाच्या कडेपर्यंत पुढे आणून पावलं गुडघ्यांच्या जरा मागे, जमिनीवर सपाट टेकवायची. नाक पायाच्या बोटांच्या वर येईल इतकं पुढे वाकल्याशिवाय पार्श्वभाग उचलला जात नाही. बहुतेक जण सरळ वर ओढतात आणि पेशंट मागे पडतो. आपण कमरेच्या पट्ट्याला धरायचं आणि लुळा गुडघा आपल्या गुडघ्याने अडवायचा.

कपडे घालताना आधी लुळा हात, काढताना आधी चांगला. काठी चांगल्या हातात. जिना चढताना चांगला पाय पुढे, उतरताना लुळा. आधार देणारा माणूस खालच्या पायरीवर.

बोलणं गेलं म्हणजे समज गेलीच असं नाही, आणि ऐकूही व्यवस्थित येतं. मोठ्याने ओरडून काही साधत नाही. एका वेळी एकच प्रश्न विचारावा, शक्यतो हो-नाहीत उत्तर देता येईल असा. त्यातही तोंडातून ‘हो’ निघतं आणि म्हणायचं असतं ‘नाही’. म्हणून मानेने किंवा अंगठ्याने खात्री करून घ्यावी. वाक्य आपण पूर्ण करण्याआधी मनात दहा अंक मोजावेत.

नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, ‘चालतात का?’ दैनंदिन व्यवहार मोजणाऱ्या बार्थेल निर्देशांकात 100 पैकी 15 गुण चालण्याला आहेत. पलंग-खुर्ची बदलण्याला तेवढेच, आणि लघवी-शौचावरचा ताबा व शौचालयाचा वापर मिळून 30. म्हणून आधी दर दोन तासांनी लघवीला नेण्याची सवय लावणं, कमोडशेजारी चांगल्या हाताला धरायला दांडा बसवणं आणि रात्री वाटेवर दिवा ठेवणं, ही कामं चालण्याच्या सरावाइतकीच महत्त्वाची.

पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते. त्यानंतरही होते, पण सराव चालू असेल तरच. मधेच सगळं थांबल्यासारखं दिसलं तर आळस म्हणण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक थकवा : मेंदूच्या दुखापतीनंतरचा हा थकवा झोपेनेही पुरता जात नाही, म्हणून अवघड सराव सकाळी आणि छोट्या तुकड्यांत घ्यावा. दुसरं नैराश्य : साधारण तिघांपैकी एकाला ते येतं आणि त्यावर औषध आहे. बोलता न येणाऱ्या माणसात ते जेवण सोडणं, भिंतीकडे तोंड करून पडणं, थेरपिस्टला हात लावू न देणं अशा रूपात दिसतं. डॉक्टरांना हेच नेमकं सांगा. नुसतं ‘सहकार्य करत नाहीत’ म्हटलं तर उपचार होत नाहीत.