तुम्ही विचारलंत म्हणून: बायकांच्या बाजूला बसून पाहिलेला भुताचा पिक्चर

"मॅडम, तुम्ही एवढं वाचता, मग पोरांना ते रामसेंचे भुताचे पिक्चर कशाला दाखवता?"

साताऱ्यात राजवाडा भागात भाजी घेताना मला हे विचारतात. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले विचारतात. गेल्या महिन्यात एका मुलीचे वडील घरी येऊन विचारून गेले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. तेव्हा चहा पाजून मी काहीतरी मोघम बोलले आणि ते मला लागून राहिलं. म्हणून आता नीट सांगते.

साताऱ्यात माझ्या घराच्या माडीवर दर शनिवारी पांढरी चादर लावून आम्ही पंधरा-वीस जण सिनेमा बघतो. बरीचशी कॉलेजची मुलं असतात, कधीमधी त्यांच्या आयाही येतात. 'सामना' दाखवला तेव्हा कुणी काही विचारलं नाही. राजा परांजप्यांचा 'पाठलाग' दाखवला तेव्हा तर कौतुक झालं. प्रश्न येतो तो 'पुराना मंदिर' लावला की.

आधी या रामसेंचं थोडं सांगायला हवं. एफ. यू. रामसे यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. फाळणीनंतर ते मुंबईला आले, पुढे सिनेमात पडले. १९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' आला आणि आपटला. पण त्यात पृथ्वीराज कपूर अक्राळविक्राळ मुखवटा घालून चोरी करायला जातात असा एक प्रसंग होता. लोक तेवढ्यासाठी येतात, हे तुलसी आणि श्याम या मुलांनी थिएटरात बसून हेरलं. बापाला म्हणाले, आपण असलाच सिनेमा करू. मग १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' करायला सगळं कुटुंब कुठं आलं, तर आपल्या जिल्ह्यात, महाबळेश्वरला. सरकारी विश्रामगृहात मुक्काम. सात भाऊ; त्यांतले कुमार लिहायचे, गंगू कॅमेरा धरायचे, किरण आवाज बघायचे, अर्जुन संकलन करायचे, तुलसी-श्याम दिग्दर्शन. स्वयंपाकही घरच्या बायकांचाच. आमच्या जावळीत भातलावणीला अख्खं घर चिखलात उतरतं, तसंच हे. साताऱ्यात इतकी वर्षं राहून हे मला चाळिशीनंतर कळलं. महाबळेश्वरला कोणत्या नटाचा बंगला आहे ते इथल्या पोरापोराला ठाऊक असतं, पण हे कुणी सांगितलं नव्हतं.

हिंदी सिनेमात तोवर भुतं नव्हती असं नाही. 'महल', 'बीस साल बाद', 'वो कौन थी' हे सगळे झपाटलेले सिनेमे आहेत आणि मला ते आवडतात. पण शेवटी भूत खोटं निघतं. कुणीतरी पांढरी साडी नेसून फिरत असतं, कुणाचा तरी इस्टेटीवर डोळा असतो. शहाण्यासुरत्या प्रेक्षकाला ते पटतं. रामसेंनी १९८४ च्या 'पुराना मंदिर'मध्ये ही सोयच काढून टाकली. त्यांचा सैतान सामरी खरा आहे. त्याचं धड एकीकडे, मुंडकं पेटीत दुसरीकडे, आणि दोन्ही एकत्र आली की तो उठणार. याला कुणी अंधश्रद्धा म्हणेल. मी म्हणते, भीतीला खोटं न ठरवता तिच्याशी शेवटपर्यंत बोलत राहणारे ते लोक होते.

हे मी पुस्तकात वाचून शिकलेले नाही. १९८५ च्या हिवाळ्यात, मी दहा वर्षांची असताना, आमच्याकडच्या जत्रेत तंबूत 'पुराना मंदिर' आला होता. बाहेर जनरेटरची धडधड, आत मातीत पोतं टाकून बसलेली माणसं. मधे कनात, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. मी आईच्या मांडीला टेकून बसले होते. सुरुवातीलाच सामरीला राजा हरिमानसिंगच्या दरबारात शिक्षा होते आणि मरताना तो शाप देतो की तुझ्या वंशातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल.

पुरुषांच्या बाजूला शिट्ट्या चालल्या होत्या. आमच्या बाजूला एकदम शांत झालं. आईचा हात माझ्या खांद्यावर होता, तो घट्ट झाला.

दोन पावसाळ्यांमागे माझी धाकटी काकू पहिल्या बाळंतपणात गेली होती. डोली करून तालुक्याच्या गावी, मेढ्याकडे न्यायला निघाले, ओढ्याला पाणी आलेलं, रात्र वाटेतच गेली. ती गेली तेव्हा वीस वर्षांचीही नव्हती. त्यानंतर गावात काय झालं, तर ती अळवंतीण, म्हणजे बाळंतपणात गेलेल्या बाईचं भूत झाली म्हणाले. त्या वाटेवर मोहरी टाकली. दिवेलागणीनंतर तिकडून जायचं नाही, पोरीबाळींनी तर नाहीच. जी मला मांडीवर घेऊन गोळीचा कागद सोलून द्यायची, तिचीच मला भीती घातली.

आपल्याकडची किती भुतं बाळंतपणात गेलेल्या बायकांची आहेत, ते एकदा मोजून बघा. मेली ती, आणि वाईटही तीच. त्या तंबूत मी पहिल्यांदा उलटं पाहिलं. बाया मरत होत्या आणि दोष सामरीचा होता. दहा वर्षांच्या पोरीला हे शब्दांत सांगता आलं नसतं, पण परत येताना त्या वाटेची मला भीती वाटली नाही, एवढं पक्कं आठवतं. त्या काळी बाळंतपणात मरायची भीती कुठल्या इभ्रतदार सिनेमानं आमच्यासमोर मांडली होती? निदान आमच्या जत्रेत तरी तसा सिनेमा कधी आला नाही.

म्हणून हे सिनेमे निर्दोष आहेत असं मी म्हणणार नाही. जगदीपचा विनोदी भाग कथेला अडवून धरतो, तो मी पुढे ढकलते. पण एक गोष्ट मी माफ करत नाही. भीतीच्या आधी बाईचं अंग दाखवायचं, हे रामसेंनी सिनेमामागून सिनेमात केलं. ज्या शापानं तंबूतल्या बायका गप्प झाल्या, त्याच सिनेमात हे यावं याचं मला आजही वाईट वाटतं. तिथे मी सिनेमा थांबवते आणि मुलांना विचारते, आत्ता कॅमेरा कुणाच्या डोळ्यांनी बघतोय? मुलगे मान खाली घालतात. मग बोलायला लागतात. त्या मुलीच्या वडिलांना हे मी त्या दिवशी सांगायला हवं होतं.

मराठीत भीतीची पुस्तकं थोर आहेत. नारायण धारप, रत्नाकर मतकरी वाचून आमची पिढी रात्री दिवा लावून झोपली. सिनेमा मात्र बराच काळ तिकडे फिरकला नाही. 'झपाटलेला'तला तात्या विंचू सगळ्यांना पाठ आहे, पण तिथं भीती हसण्याच्या आडोशाला उभी आहे. मग २०१७ मध्ये विशाल फुरियांचा 'लपाछपी' आला. गरोदर बाई, उसाच्या फडातलं एकटं घर, आणि मागे लागलेली मुलं. त्याचा विषय स्त्रीभ्रूणहत्या आहे. फुरियांनीच तो पुढे हिंदीत 'छोरी' म्हणून केला. आमच्या माडीवरच्या वीसजणांपैकी दोघांनी 'लपाछपी'चं नाव ऐकलं होतं, आणि सगळे उसाच्या मुलखातले. 'पुराना मंदिर' आणि 'लपाछपी' मी लागोपाठच्या शनिवारी दाखवते. एकात बाईला मूल होताना मारतात, दुसऱ्यात मुलगी होऊ नये म्हणून. मधली तेहेतीस वर्षं मग मुलंच भरून काढतात, कुणी आजीचं सांगतं, कुणी आत्याचं.

यंदा 'पुराना मंदिर' लावला तेव्हा आई माडीवर आली होती. तिला जिना झेपत नाही, दोन मुलांनी धरून आणली. शापाचा प्रसंग आला, गेला. ती काही बोलली नाही. सिनेमा संपल्यावर मुलं चादर काढत होती, तेव्हा खुर्चीतूनच मला म्हणाली, "त्या रातीला मेढ्यापातूर गाडी मिळाली असती, तर."